'गुलहौशी' : एका मावळत्या शब्दाचा अर्थ, व्यवहार आणि पक्षपात

प्रस्तावना :

स्त्रियांशी लाडीगोडीने बोलणाऱ्या, नजरेने व शब्दाने सलगी साधू पाहणाऱ्या पुरुषास आजचा तरुण सहजपणे 'फ्लर्ट' म्हणतो. जुन्या मराठीत अशा माणसासाठी 'गुलहौशी' हा शब्द प्रचलित होता. आज तो बोलण्यातून जवळजवळ लोप पावला असून ऐतिहासिक कादंबऱ्या, लावणीविषयक लेखन आणि शब्दकोश यांतच प्रामुख्याने भेटतो. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याच्या अर्थाच्या छटा आणि त्याच्या वापरातून व्यक्त होणारी समाजदृष्टी यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

शब्दाची घडण :

'गुल' आणि 'हौस' अशी या शब्दाची फोड होते. 'गुल' म्हणजे फूल. गुलाब, गुलकंद, गुलदस्ता, गुलबक्षी या शब्दांतून हे फारसी फूल मराठीत कायमचे रुजले आहे. 'हौस' हा शब्द मात्र अधिक लक्षणीय आहे. त्याचे मूळ अरबी 'हवस' या शब्दात असून तो फारसीमार्गे आपल्याकडे आला. तीव्र इच्छा, नाद, वासना हा त्याचा मूळ अर्थ. हिंदी-उर्दूत 'हवस' या शब्दाने हा वासनेचा अर्थ आजही टिकवून ठेवला आहे. मराठीत मात्र त्याच शब्दाने पूर्णपणे सोज्वळ रूप धारण केले. डोहाळजेवण हौसेने होते, बागेची हौस असते, 'हौसेला मोल नाही' अशी म्हण आहे, जत्रेला जमणाऱ्यांत 'हौशे, नवशे, गवशे' असतात आणि पदरमोड करून नाटके करणाऱ्यांची ती 'हौशी रंगभूमी'.

वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी कुटुंबे एकाच जिन्यात राहतात. तेथे मराठी गृहिणी शेजारणीस "हौसेनं केलंय, घ्या" म्हणून पुरणपोळी देते, तेव्हा या 'हौसे'चे सख्खे भावंड शेजारणीच्या भाषेत निंदाव्यंजक आहे, हे दोघींच्याही ध्यानी येत नाही. एकच शब्द दोन भाषांत किती भिन्न वाटांनी जातो, याचे हे बोलके उदाहरण होय. 'हौस' निर्मळ झाली, परंतु तिचा जुना रंग 'गुलहौशी' या सामासिक शब्दात शिल्लक राहिला.

अर्थाच्या छटा :

पुरुषाच्या शृंगारप्रियतेसाठी मराठीत शब्दांची एक उतरंडच आढळते. 'रसिक' व 'शौकीन' हे प्रशंसेच्या जवळचे शब्द. 'गुलहौशी', 'रंगेल', 'छेलछबेला' हे मध्यावरचे. त्यांत दोष दाखविला जातो, पण हसत हसत. 'छंदीफंदी' आणि 'बाहेरख्याली' यांत नापसंती स्पष्ट होते, तर 'लंपट' हा उघड निषेध आहे. 'गुलहौशी' शब्दाचे वैशिष्ट्य त्याच्या या मधल्या स्थानात आहे. 'स्वारी मोठी गुलहौशी' असे म्हणताना बोलणारा त्या व्यक्तीस दोषही देतो आणि माफही करतो. फूल आणि हौस ही दोन्ही पदे प्रसन्न असल्यामुळे त्यांच्या आड वर्तनाचे स्वरूप झाकले जाते.

उत्तर पेशवाईच्या वर्णनांत हा शब्द विशेष शोभतो. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळात, लावणीस मोठा आश्रय लाभला. होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, राम जोशी या शाहिरांनी ती बहरास आणली. लावणीतील स्त्री बहुधा स्वतःच बोलते, रुसते, आर्जवे करते. मात्र तिचे शब्द बहुतांशी पुरुष शाहिरांनी रचलेले होते. फडावर तिच्या नखऱ्यास दाद मिळे. फडाबाहेर तोच नखरा तिच्या चारित्र्यावरील डाग ठरे.

व्याकरणाची समता, व्यवहाराची विषमता :

'गुलहौशी' हे ईकारान्त विशेषण अविकारी आहे. 'गुलहौशी पुरुष' आणि 'गुलहौशी स्त्री' हे दोन्ही प्रयोग व्याकरणदृष्ट्या सारखेच शुद्ध. तरीही प्रत्यक्षात हा शब्द प्रायः पुरुषासच लावला गेला. मोकळेपणाने हसणाऱ्या, थट्टामस्करी करणाऱ्या स्त्रीसाठी भाषेने दुसरे शब्द राखून ठेवले : 'नखरेल', 'नटवी', 'चवचाल', 'उठवळ'. यांपैकी पहिल्या दोहोंत थोडे कौतुक संभवते; शेवटचे दोन थेट शीलावर घाव घालतात. पुरुषाच्या बाबतीत जो स्वभाव ठरतो, तो स्त्रीच्या बाबतीत अपराध ठरतो. व्याकरणाने न केलेला हा भेद समाजाने केला आहे.

हसण्यावारी नेलेल्या हौसेची किंमत कोणास मोजावी लागते, हे गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ मधील 'संगीत शारदा' या नाटकाने दाखवून दिले. वृद्ध भुजंगनाथाची पुन्हा बोहल्यावर चढण्याची हौस प्रेक्षकांस हसविते. परंतु द्रव्यलोभी पित्याने ज्या बालिकेचा सौदा केला, तिचे सारे आयुष्य त्या हौसेच्या तावडीत असते. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्याने हा विवाह टळतो. म्हणजे तिची सुटका होते ती शास्त्राधाराने. तिच्या नकारास तेथे स्वतंत्र मोल नाही. हा भाग विचार करावयास लावणारा आहे.

आजचा संदर्भ :

'गुलहौशी' शब्दात समोरच्या स्त्रीची संमती आहे की नाही, यास स्थानच नाही. आजच्या कायद्याने नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम ७५) आणि पाठलाग (कलम ७८) हे स्वतंत्र गुन्हे आहेत. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शविल्यानंतरही वारंवार संपर्क साधणे पाठलागात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिंगाधारित साचेबंद कल्पनांविषयीच्या पुस्तिकेतही 'ईव्ह टीझिंग' या सौम्य शब्दप्रयोगाऐवजी 'रस्त्यावरील लैंगिक छळ' असे म्हणावे, असे सुचविले आहे. सौम्य शब्द कृत्याचे गांभीर्य कमी करतो, हीच जाणीव त्यामागे आहे. कार्यालयातील वा शेजारातील एखाद्याविषयी तक्रार येताच "त्यांचा स्वभावच तसा, जरा रंगेल" असे म्हटले जाते, तेव्हा जुन्या शब्दाची ही क्षमाशीलता तक्रार करणारीच्या विरोधात उभी राहते.

समारोप :

'गुलहौशी' हा शब्द नाहीसा व्हावा असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. दोन व्यक्तींमधील परस्परांस रुचणारी थट्टा, आर्जव आणि लाडीगोडी हा जीवनाचा आनंददायक भाग असून त्यासाठी इतका देखणा शब्द अन्यत्र क्वचित सापडेल. तो स्त्रीसही तितक्याच मोकळेपणाने लावता यावा. व्याकरणाची त्यास हरकत नाही. मात्र जेथे समोरून नकार आला आहे, तेथे हा शब्द वापरू नये. तेथे हौस संपते आणि छळ सुरू होतो.