शाळेत खिचडी मिळते, पण बाकीचं ताट घरीच भरायचंय

सध्या सुगीची गडबड आहे. सकाळी सातलाच आई-बाप रानात आणि पोरगं चहा-बिस्कीट खाऊन शाळेत. दुपारी खिचडी मिळतेच की, असा आपला हिशेब. माझाही तोच होता. गेल्या वर्षी सहावीतली माझी मुलगी परिपाठाला चक्कर येऊन पडली. तपासलं तर अंगात रक्त कमी. घरात दोन म्हशी, पण दूध डेअरीला. कोंबड्यांची अंडी बाजारात. पोरीच्या वाट्याला चहा.

हिशेब कुठं चुकतो ते बघा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात, तर १० ते १२ वर्षांच्या मुलीला २०६०. म्हणजे शाळेत मिळतो तो पाव ते तिसरा हिस्सा. बाकीचा घरचा. रविवारी आणि सुट्टीत तर सगळाच घरचा.

मुलींकडं जास्त लक्ष द्यायला हवं. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीला २८. आपल्याकडं मात्र ताटात आधी मुलाला वाढतात.

यासाठी महागड्या पावडरीचे डबे नकोत. सकाळी भाकरी-दूध किंवा मूठभर शेंगदाणे द्या. जमेल तेव्हा एक अंडं, त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दूध हाडांसाठी चांगलं, पण त्यात लोह फारसं नसतं. त्यासाठी शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, हुलगे खाऊ घाला. वर लिंबू पिळलं की लोह अंगाला चांगलं लागतं. जेवणाबरोबर चहा दिला की उलटं होतं, म्हणून चहा बंदच करा. शाळेत जंताची आणि लोहाची गोळी देतात, ती नको म्हणू नका. पोरगं सारखं दमत असेल, चेहरा फिका दिसत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

आम्ही आता रोज अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी घरात ठेवतो. डेअरीचं बिल थोडं कमी येतं, एवढंच.