विश्लेषण : वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते का? उडी वाढवण्यासाठी नेमके काय करावे?

व्हॉलीबॉलच्या जाळीवर हात पोहोचत नाही, बास्केटबॉलच्या रिंगला बोट लागत नाही, उंच उडीची काठी पाच सेंटीमीटरने पडते. अशा मुलांना मैदानावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘रोज दोनशे उड्या मार, आपोआप वाढेल.’ आणि घरून मिळणारी ताकीदही ठरलेली : ‘वजनाला हात लावू नकोस, उंची खुंटेल.’ पौड-पिरंगुटपासून ताम्हिणीच्या पायथ्यापर्यंत मुळशी तालुक्यात, किंबहुना राज्यात कुठेही, या दोन्ही गोष्टी ऐकायला मिळतात. दोन्ही तपासून पाहण्याची गरज आहे. कारण यात पणाला लागलेले असतात ते वाढत्या वयातले गुडघे.

उडी नेमकी कशाने ठरते?

पाय जमिनीवरून सुटला की हवेत कितीही हात-पाय मारले तरी उडीची उंची बदलत नाही. ती जमीन सोडतानाच्या वेगावर ठरलेली असते. ४० सेंटीमीटर उडीसाठी शरीराला सेकंदाला साधारण २.८ मीटर वेगाने वर निघावे लागते. ५० सेंटीमीटरसाठी हा वेग ३.१ मीटरच्या थोडा वर लागतो. म्हणजे वेग जेमतेम १२ टक्के वाढला, तर उडी २५ टक्क्यांनी वाढते.

हा वेग मिळवण्यासाठी हातात वेळ किती? जागेवरून उडी मारताना वर ढकलण्याला मिळतो साधारण पाव सेकंद किंवा किंचित जास्त. ५० किलो वजनाच्या मुलाला एवढ्या वेळात ४० सेंटीमीटरची उडी घ्यायची, तर त्याला जमिनीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट जोर लावावा लागतो. म्हणून उडीचे सूत्र सोपे आहे : जोर जास्त हवा आणि तो झटकन लागायला हवा. यातला पहिला भाग ताकदीच्या व्यायामाने मिळतो, दुसरा उड्यांच्या सरावाने. फक्त उड्या मारत राहिल्यास पहिला भाग लवकरच अडतो.

मग बैठका पुरेशा नाहीत का?

मुळशीला तालमीची परंपरा आहे. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच तालुक्यातल्या भूगावात झाली आणि अभिजित कटके तिथे महाराष्ट्र केसरी ठरला. जोर, बैठका, सपाटे इथल्या मुलांना नवे नाहीत. बैठक हा उडीसाठी उत्तम पाया आहेच. कंबर, मांड्या, पोटऱ्या हे तिन्ही भाग तिच्यात एकत्र काम करतात.

फरक आहे तो संख्येचा. सलग दोनशे-तीनशे बैठका मारल्या की दम वाढतो, चिकाटी वाढते. पण एका झटक्यात लागणारा जोर वाढवायचा असेल, तर वजन हळूहळू वाढवून कमी वेळा बैठक मारावी लागते. पन्नास बैठका सहज होऊ लागल्यावर शंभर करण्याऐवजी छातीशी वाळूची पिशवी धरून दहा केल्या, तर उडीला जास्त फायदा होतो.

उंची खुंटण्याच्या भीतीत तथ्य किती?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ थर असतो. हाड तिथून लांबीला वाढते. वजन उचलल्याने हा थर दबतो आणि उंची थांबते, अशी ही समजूत. प्रत्यक्षात, देखरेखीखाली आणि योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची कमी होते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या अहवालातही असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित व उपयुक्त असल्याचे म्हटले आहे. दुखापती होतात, पण त्यांची मुख्य कारणे वेगळी आहेत : चुकीची पद्धत, झेपणार नाही एवढे वजन, देखरेख नसणे आणि ‘बघू किती उचलतोस’ ही पैज.

खरा विरोधाभास पुढे आहे. उडीवरून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. दहा किलोची पिशवी धरायला मनाई असलेला मुलगा किंवा मुलगी हा भार रोज दोनशे वेळा झेलत असते, तेही पायांत पुरेशी ताकद नसताना. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला, की सराव शाळेच्या फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर सरकतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

गुडघा का दुखतो?

मुली साधारण १२ आणि मुले साधारण १४ वर्षांच्या आसपास झपाट्याने उंच होतात. या काळात हाडे भराभर लांब होतात, पण गुडघ्याच्या वाटीखाली मांडीच्या स्नायूंची ओढ जिथे येते तो भाग अजून पक्का झालेला नसतो. सतत उड्या मारल्याने तिथे ओढ बसून दुखते, टेंगूळही येते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेक वेळा उड्या कमी केल्या आणि वाढ पूर्ण झाली की ते थांबते. ‘दुखणे म्हणजे सराव चांगला झाला’ असे मात्र समजू नये.

मुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. जमिनीवर उतरताना गुडघे आत, एकमेकांकडे वळतात का? गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतो आणि उतरण्याची ही सवय त्याला हातभार लावते. ती सरावाने सुधारता येते.

सुरुवात कशी करावी?

जिमची गरज नाही. हिंजवडीच्या बाजूला जिम गल्लोगल्ली आहेत. कोळवण खोऱ्यातल्या मुलाला एक पायरी, दप्तर आणि वाळूची पिशवी पुरते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती, आणि शिक्षक किंवा प्रशिक्षक समोर असावेत.

• पहिले चार ते सहा आठवडे : फक्त शरीराच्या वजनाचे व्यायाम. बैठका, एकेका पायाने पायरी चढणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, टाचा उचलणे. प्रत्येकी ६ ते १५ वेळा, एक ते तीन फेऱ्या.
• सोबत उतरण्याचा सराव : वीतभर उंच पायरीवरून दोन्ही पायांवर उतरा. आवाज होता कामा नये. गुडघे वाकलेले आणि पावलांच्या सरळ रेषेत हवेत.
• त्यानंतर भार : छातीशी पिशवी धरून बैठक. पाठ सरळ ठेवून सर्व वेळा नीट जमल्या, तरच पुढच्या आठवड्यात थोडे वजन वाढवा. जास्तीत जास्त किती उचलता येते, याची परीक्षा घेऊ नका.
• मग उड्या : गवतावर किंवा भुसभुशीत मातीवर. एका सत्रात ४०-५० पुरेत. प्रत्येक उडी पूर्ण जोराने आणि मध्ये थांबून. धाप लागल्यावर मारलेली उडी फक्त थकवते.
• उंच ओट्यावरून उडी मारून लगेच पुन्हा वर झेपावण्याचा प्रकार नवख्यांनी टाळावा.

वयात येण्यापूर्वी या व्यायामाने स्नायू फुगलेले दिसणार नाहीत. त्या वयात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे. आहारात भाकरीसोबत उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे आणि पुरेशी झोप हवी. डब्यातल्या पावडरची गरज नाही.

मोबाइलवर उडी कशी मोजाल?

भिंतीवर खडूची खूण करण्याइतकीच सोपी पद्धत मोबाइलमध्ये आहे. स्लो मोशनमध्ये पायांचा व्हिडीओ घ्या. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. सेकंदाला २४० फ्रेम असतील आणि १२० फ्रेम भरल्या, तर मूल अर्धा सेकंद हवेत होते. या सेकंदांचा वर्ग करून १२२.६ ने गुणले, की उडी सेंटीमीटरमध्ये मिळते. अर्धा सेकंद म्हणजे सुमारे ३१ सेंटीमीटर, ०.६ सेकंद म्हणजे ४४. उतरताना हवेतच गुडघे पोटाशी घेतले, तर आकडा खोटा वाढतो. त्यामुळे पाय सरळ ठेवून टेकावे. महिन्यातून एकदा मोजणे पुरेसे आहे.

किती दिवसांत फरक पडतो?

नियमित सरावाने आठ ते बारा आठवड्यांत काही सेंटीमीटरचा फरक दिसू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर आणि महिलांची २.२४ मीटरवर असते. तिथे चार-पाच सेंटीमीटरनेही चेंडू जाळीत जातो की पलीकडे, हे ठरते. ‘एका महिन्यात उडी दुप्पट’ असे सांगणाऱ्या रील्सवर मात्र विश्वास ठेवू नका.

या खेळात घाई चालत नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या सर्वेश कुशारेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत २.१५ मीटरवरच निरोप घेतला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय उंच उडीपटू ठरला आणि २.२८ मीटरच्या वैयक्तिक सर्वोत्तम उडीसह सहावा आला. तेव्हा तो तिशीत होता. तेजस्विन शंकरच्या २.२९ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा ही उडी अवघ्या एका सेंटीमीटरने कमी होती.

चौदाव्या वर्षी गुडघा गमावला, तर इथवरचा प्रवास सुरूच होत नाही. त्यामुळे पालकांनी आणि शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे : दुखणे दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही राहिले, गुडघा सुजला, मूल लंगडू लागले किंवा रात्री दुखून जाग येऊ लागली, तर उड्या लगेच बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा आठवड्यावर आली असली तरी.