राजदूतांची उन्मुक्ती आणि तिचा दुरुपयोग : काही शब्दांचा विचार

मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात 'वकील' हा शब्द वारंवार आढळतो. तेथे त्याचा अर्थ न्यायालयात अशिलाची बाजू मांडणारा कायदेपंडित असा नसून, एका राज्याच्या वतीने दुसऱ्या राज्याच्या दरबारी बोलणारा प्रतिनिधी असा असतो. शिवाजीमहाराज आणि अफजलखान यांच्यामध्ये १६५९ साली जी बोलणी झाली ती अशाच वकिलांच्या द्वारे. पुढे इंग्रजी अमदानीत हा शब्द न्यायालयाच्या आवारात स्थिरावला व दरबारातील त्याची जागा 'राजदूत' या शब्दाने घेतली. तथापि 'वकिलात' या शब्दात जुना अर्थ अद्याप शिल्लक आहे. दोन्ही अर्थांच्या मुळाशी कल्पना एकच आहे. वकील बोलतो ते दुसऱ्याचे बोलणे असते, आणि म्हणून त्या बोलण्याचा राग त्याच्यावर काढावयाचा नसतो.

दूत अवध्य होय, हा संकेत भारतीय परंपरेस फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रामायणात रावण हनुमंताच्या वधाची आज्ञा करतो तेव्हा बिभीषण त्याला या संकेताचे स्मरण देतो. परंतु त्याच प्रसंगी दूताला विद्रूप करणे, फटके मारणे इत्यादी शिक्षा मात्र देता येतात असेही तो सांगतो. शेपटी पेटवली गेली ती या अपवादाच्या आधारे. म्हणजे प्राचीन संकेताने दूताचा जीव तेवढा राखला होता. आधुनिक कायद्याने त्याचे शरीर, घर, कागदपत्रे, टपाल आणि कुटुंब या सर्वांभोवती कुंपण घातले. ज्यास आज दुरुपयोग म्हटले जाते त्याचा जन्म या वाढलेल्या कुंपणाच्या आत झाला आहे.

हे कुंपण वाढले त्यालाही कारणे घडली. १७०८ साली लंडनमधील रशियन राजदूत मात्वेयेव याला त्याच्या धनकोंनी थकलेल्या कर्जासाठी भर रस्त्यात गाडीतून खेचून अटक करविले. झार पीटर संतापला, आणि इंग्लंडच्या संसदेला राजदूतांवरील असे दावे निरर्थक ठरविणारा कायदा करावा लागला. त्या कायद्याची एक शोभिवंत प्रत क्षमायाचनेसह झारकडे पाठविण्यात आली. धनकोंचे पैसे खरोखरच देणे होते, हा भाग मात्र या कथेत सहसा कोणी सांगत नाही. हा कायदा १९६४ पर्यंत टिकला.

आज या विषयाचा पाया म्हणजे १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्ना येथे संमत झालेला व १९६४ साली अमलात आलेला राजनैतिक संबंधांविषयीचा करार होय. भारताने तो १९६५ साली स्वीकारला आणि १९७२ साली त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. कराराच्या चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या पाच संहिता सारख्याच प्रमाण आहेत. त्यातील दोन शब्दांमधील भेद ध्यानात घेतल्यावाचून पुढील चर्चा समजणे कठीण आहे. पहिला शब्द 'अनतिक्रम्यता'. राजदूताच्या शरीरास हात लावावयाचा नाही, त्याला अटक करावयाची नाही, वकिलातीच्या इमारतीत तिच्या प्रमुखाच्या संमतीवाचून पाऊल टाकावयाचे नाही. दुसरा शब्द 'उन्मुक्ती'. यजमान राष्ट्राच्या न्यायालयाने त्याच्यावर खटला चालवावयाचा नाही. वृत्तपत्रे या दोहोंसाठी 'राजनैतिक संरक्षण' असा एकच शब्द वापरतात, आणि त्यामुळे राजदूताला यजमान राष्ट्राचा कायदाच लागू नाही असा समज पसरतो. वस्तुतः कायदा त्यालाही लागू असतो. कराराच्या ४१व्या कलमाने तो पाळण्याचे कर्तव्य त्याच्यावर स्पष्टपणे घातले आहे. गुन्हा हा गुन्हाच राहतो. तो तपासण्याचे स्थान तेवढे बदलते. शिवाय ही उन्मुक्ती त्या व्यक्तीची नसून तिला पाठविणाऱ्या राष्ट्राची आहे, आणि ३२व्या कलमान्वये ते राष्ट्र ती सोडून देऊ शकते. १९९७ साली वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या एका मुत्सद्द्याने मद्याच्या अमलाखाली गाडी चालवून सोळा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला, तेव्हा जॉर्जियाने त्याची उन्मुक्ती सोडून दिली आणि त्याला कारावास झाला. अशी उदाहरणे थोडी आहेत.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण लंडनचे. १७ एप्रिल १९८४ रोजी सेंट जेम्स चौकातील लिबियाच्या वकिलातीसमोर गद्दाफीच्या विरोधकांची निदर्शने चालू होती. लिबियन सरकारने आपल्या या कचेरीला 'लोककार्यालय' असे नाव दिले होते. त्या इमारतीच्या खिडकीतून स्वयंचलित शस्त्राच्या गोळ्या सुटल्या. अकरा निदर्शक जखमी झाले, आणि बंदोबस्तासाठी उभी असलेली पंचवीस वर्षांची पोलीस शिपाई इव्हॉन फ्लेचर मरण पावली. इमारतीला पोलिसांनी वेढा घातला खरा, परंतु आत जाता येत नव्हते. गोळी कोणी झाडली हे ठरविण्यासाठी जे जे करावे लागते, म्हणजे जागेची पाहणी, शस्त्राची जप्ती, साक्षीदारांची चौकशी, ते सर्व त्या उंबरठ्याच्या आत होते. २२ एप्रिल रोजी ब्रिटनने लिबियाशी राजनैतिक संबंध तोडले. २७ एप्रिल रोजी आतील तीस माणसे बाहेर पडली व लिबियास रवाना झाली. त्यांच्यासमवेत वकिलातीच्या मोहोरबंद थैल्याही गेल्या. त्या उघडल्या गेल्या नाहीत की क्ष-किरणांनी तपासल्याही गेल्या नाहीत. पोलिसांनी इमारतीत प्रवेश केला तो त्यानंतर. तेथे शस्त्रे व काडतुसे सापडली; आरोपी मात्र सापडावयाचा नव्हता.

हा प्रवेश तरी कोणत्या आधारे झाला हे पाहण्यासारखे आहे. २२व्या कलमात वकिलातीची जागा 'अनतिक्रमणीय' म्हटली आहे. संबंध तुटल्यानंतरच्या स्थितीविषयीच्या ४५व्या कलमात मात्र यजमान राष्ट्राने त्या जागेचा 'आदर व रक्षण' करावे एवढेच सांगितले आहे. एक शब्द गळून पडला आहे, आणि तो बुद्धिपुरस्सर गळला आहे असे मानूनच ब्रिटिश पोलीस आत शिरले. एरवी व्याकरणाचा वाटावा असा हा भेद येथे एका खुनाच्या तपासाचा दरवाजा ठरला. दुर्दैवाने तो उशिरा उघडला. १९९९ साली लिबियाने या मृत्यूची सर्वसाधारण जबाबदारी मान्य करून भरपाई दिली. २०२१ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने एका दिवाणी दाव्यात एका लिबियन इसमास या हत्येबद्दल संयुक्तपणे जबाबदार धरले. फौजदारी खटला कोणावरही चाललेला नाही.

असा संताप आणणारा प्रसंग घडल्यावर दार फोडून आत का जाऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अंशतः त्रिपोलीत होते: तेथील ब्रिटिश वकिलातीलाही त्याच दिवसांत वेढा पडला होता, आणि हजारो ब्रिटिश नागरिक लिबियात राहत होते. परंतु तत्त्वाचे उत्तर त्यापूर्वीच, १९८० साली, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेहरानच्या प्रकरणात दिले होते. अमेरिकन वकिलात हे हेरगिरीचे केंद्र होते, असे इराणचे म्हणणे होते. ते खरे धरले तरीही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला की, वकिलातीवर कब्जा करून माणसे ओलीस ठेवणे समर्थनीय ठरत नाही. कारण दुरुपयोगावरील इलाज राजनैतिक कायद्याने स्वतःच सांगून ठेवले आहेत. मुत्सद्द्याला 'अवांछित' ठरवून परत पाठवावे, किंवा संबंधच तोडावेत. सर्वच राष्ट्रांनी हा संयम पाळला असे नाही. १९७३ साली पाकिस्तानने इस्लामाबाद येथील इराकी वकिलातीत राजदूताच्या संमतीवाचून झडती घेतली आणि तेथे शस्त्रांचा मोठा साठा उघडकीस आला. साठा सापडला म्हणून झडती कायदेशीर झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८४च्या घटनेनंतर ब्रिटिश लोकसभेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने या प्रश्नाचा सविस्तर विचार केला, आणि करारात बदल करण्याच्या मार्गाला तेथील सरकारने १९८५ साली नकार दिला. आपल्या इमारतीचे दार जितके सैल कराल तितके परक्या देशातील आपल्या माणसांचेही दार सैल होते, हा हिशेब त्यामागे होता. आणि तो बरोबरच होता.

वकिलातीच्या थैलीची कथा याहूनही विचित्र आहे. मूळ कल्पना कागदपत्रांची. परंतु करारात थैलीचा आकार अगर वजन यांची मर्यादा घातलेली नाही. १९६४ साली रोमच्या विमानतळावर इजिप्तच्या वकिलातीची म्हणून कैरोस निघालेली एक पेटी कण्हू लागली आणि तिच्यातून गुंगीचे औषध दिलेला एक माणूस निघाला. वीस वर्षांनी, ५ जुलै १९८४ रोजी, नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना लंडनमध्ये त्यांच्या घरासमोरून पळविण्यात आले. त्याच दिवशी स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्त्यावर जाणारी दोन खोकी अडविली गेली. एकात बेशुद्ध डिक्को आणि त्यांना बेशुद्ध ठेवणारा वैद्य होता. दुसऱ्यात आणखी दोघे. खोकी उघडता आली, कारण २७व्या कलमास अभिप्रेत असलेली बाह्य चिन्हे त्यांवर नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ती वकिलातीची थैली झालीच नव्हती. चिन्हे असती तर? मानवी जीव वाचविण्याचे कर्तव्य वरचढ ठरले असते, असे ब्रिटिश सरकारने नंतर सांगितले. परंतु त्या अधिकाऱ्यांवर तो प्रश्न सोडविण्याची वेळ आली नाही, ती केवळ शिक्क्याच्या अभावामुळे. थैलीविषयी अधिक नेमके नियम आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने १९८९ साली तयार केले. त्यांचा करार मात्र झाला नाही.

शब्द राहून गेल्याने काय होते याचे अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधील क्रॉटन येथील हवाई तळाचे. तेथे नेमलेल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांची, सरकारी कामाबाहेरील कृत्यांपुरती, फौजदारी उन्मुक्ती १९९५ साली पत्रांची देवाणघेवाण करून अगोदरच सोडून देण्यात आली होती. त्या पत्रांत कुटुंबीयांचा उल्लेखच नव्हता. २०१९च्या ऑगस्टमध्ये एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या गाडीखाली एकोणीस वर्षांचा तरुण ठार झाला व ती मायदेशी निघून गेली, तेव्हा हे उघड झाले की नवऱ्याला नसलेली उन्मुक्ती बायकोला आहे. उच्च न्यायालयानेही २०२० साली हाच अर्थ लावला. विपरीत खरा, परंतु लिहिलेल्या शब्दांतून दुसरा निघत नव्हता. ही उणीव त्याच वर्षी दूर करण्यात आली. तिने अखेर गुन्हा कबूल केला, आणि २०२२ साली तिला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली.

'दूत' आणि 'वाणिज्यदूत' यांमधील एका पदाचे अंतरही असेच मोठे आहे. वाणिज्यदूताची उन्मुक्ती १९६३च्या निराळ्या कराराने केवळ अधिकृत कृत्यांपुरती ठेवली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील भारताच्या उपमहावाणिज्यदूतास घरकामाच्या बाईचा व्हिसा व वेतन यांसंबंधीच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा भारतात क्षोभ उसळला आणि दिल्लीतील अमेरिकन वकिलातीसमोरील काँक्रीटचे अडथळे हटविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांतील भारतीय प्रतिनिधी म्हणून जानेवारी २०१४ मध्ये त्यांना पूर्ण उन्मुक्ती लाभली, आणि त्या कारणाने न्यायालयाने आरोपपत्र रद्द केले. या क्षोभात घरकामाच्या बाईचे गाऱ्हाणे जवळजवळ कोणाच्या कानी गेले नाही. पुढे २०१५ साली बाजू उलटली. दिल्लीनजीक गुडगाव येथे दोन नेपाळी स्त्रियांना कोंडून ठेवून त्यांच्यावर बलात्कार केल्याचा आरोप सौदी वकिलातीतील एका मुत्सद्द्यावर आला. सौदी वकिलातीने तो नाकारला. उन्मुक्तीमुळे भारतीय न्यायालयात त्याची शहानिशा होऊ शकली नाही, आणि तो मुत्सद्दी देश सोडून गेला.

अशा घरांत काम करणाऱ्यांसाठी एक फट मात्र शब्दांच्या द्वारेच उघडली आहे. ३१व्या कलमात दिवाणी उन्मुक्तीला तीन अपवाद आहेत: खाजगी स्थावर मालमत्ता, वारसा, आणि अधिकृत कामाबाहेरील 'व्यावसायिक अगर व्यापारी व्यवहार'. घरात नोकर ठेवणे हा व्यापार नव्हे, असेच आजवर मानले जाई. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका फिलिपिनो बाईच्या दाव्यात असे ठरविले की, मुत्सद्द्याने कोणास गुलामाप्रमाणे कोंडून, वेतन न देता राबविले असेल तर तो त्या श्रमातून स्वतःचा आर्थिक लाभ करून घेतो, आणि हा व्यापारी व्यवहारच होय. निर्णय तीन विरुद्ध दोन असा झाला. शब्दाला त्याच्या सामान्य अर्थापलीकडे ताणले जात आहे, अशी दोन न्यायमूर्तींची धारणा होती. अपवाद दिवाणी दाव्यापुरताच आहे. गुडगावसारख्या आरोपाला या निर्णयाचा काही उपयोग नाही. फौजदारी न्यायालयापासूनच्या उन्मुक्तीला ३१व्या कलमात एकही अपवाद ठेवलेला नाही.