पडद्यावर येण्याआधीचा इतिहास

ऐतिहासिक चित्रपटाचा पहिला निकाल हल्ली तो प्रदर्शित होण्याच्या कितीतरी आधी लागतो. नाव जाहीर होते, पहिले पोस्टर येते, मग दीड-दोन मिनिटांची झलक. ती झलक लोक थांबवून थांबवून पाहतात. जिरेटोप बरोबर आहे का, कमरेचा पट्टा त्या काळचा आहे का, मागचा बुरूज कोणत्या गडाचा आहे, सगळे तपासले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकर यांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची झलक आली. त्यात शिवाजी महाराजांच्या भूमिकेतील अक्षय कुमारच्या मागच्या झुंबरात विजेचे दिवे दिसले आणि बाकी सगळे बाजूला राहून त्या दिव्यांचीच चर्चा झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ‘तान्हाजी’च्या ट्रेलरमधील भगव्या झेंड्यावरच्या ‘ॐ’ला आक्षेप घेतला गेला होता. ‘आदिपुरुष’च्या ऑक्टोबर २०२२ मधील झलकेवर तर एवढी नाराजी उसळली की संगणकीय दृश्यांवर पुन्हा काम करण्यासाठी जानेवारी २०२३ मधले प्रदर्शन जूनपर्यंत लांबले.

असे प्रसंग वाढत जाणार, कारण येऊ घातलेल्या चित्रपटांची यादी मोठी आहे. रितेश देशमुख यांच्या ‘राजा शिवाजी’साठी १ मे २०२६ हा महाराष्ट्र दिन जाहीर झाला. संदीप सिंह यांच्या हिंदी चित्रपटात कन्नड अभिनेता ऋषभ शेट्टी शिवाजी महाराजांची भूमिका करणार असल्याची घोषणा झाली. नितेश तिवारी यांचे ‘रामायण’ २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीत दोन भागांत येणार, असे ठरले. ओढच नव्हे, धास्तीही या घोषणांमधूनच सुरू होते. ज्याला विषयाची पर्वा नाही तो झुंबर पाहत नाही. झुंबर पाहणाऱ्याच्या मनात त्या काळाचे एक चित्र आधीच पक्के झालेले असते.

मराठी प्रेक्षकाच्या मनात हे चित्र शंभर वर्षांत घडले आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला तो हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून. १९३० मध्ये प्रभातने शिवचरित्रावर ‘स्वराज्याचे तोरण’ तयार केला. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ते नाव चालले नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. पुढे भालजी पेंढारकरांनी या प्रकाराला घरचे रूप दिले. १९५२ च्या त्यांच्या ‘छत्रपती शिवाजी’तील चंद्रकांत मांढरे यांचा चेहरा एका पिढीसाठी महाराजांचाच चेहरा ठरला. नंतरच्या पिढ्यांसाठी तो बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’तून आणि अमोल कोल्हे यांच्या मालिकांमधून आला. मधल्या काळात रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ आणि शिवाजी सावंत यांची ‘छावा’ घराघरांत वाचली गेली. म्हणून नवा दिग्दर्शक फक्त इतिहासाशी स्पर्धा करत नाही. पूर्वीचे चित्रपट, कादंबऱ्या, कॅलेंडरवरची चित्रे आणि शाळेतले धडे यांच्याशीही त्याला टक्कर द्यावी लागते.

यातून एक न्याय्य शंका उभी राहते. चित्रपट बहुधा बखरीवरून किंवा पत्रव्यवहारावरून होत नाही, कादंबरीवरून होतो. ‘बाजीराव मस्तानी’ ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’वरून आला, ‘छावा’ सावंतांच्या कादंबरीवरून. साधने जिथे गप्प असतात तिथे कादंबरीकार संवाद आणि भावना घालतो. तो त्याचा अधिकारच आहे. पण पडद्यावर आल्यावर कोणता संवाद कागदपत्रातला आणि कोणता लेखकाचा, हे सांगणारे कोणी नसते. सुरुवातीला काही सेकंद दिसणारे निवेदन कोणाच्या लक्षात राहत नाही.

संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जुन्या मराठी नाटकांनी त्यांना व्यसनी आणि बेफिकीर रंगवले. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’वरचा राग इतका टिकला की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकरींचा पुतळा काढून टाकला गेला. मधल्या काळात वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि जुना समज उलटवला. बेंद्रे यांचे संशोधन विद्वानांपर्यंत गेले, सावंतांची कादंबरी वाचकांपर्यंत, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागलेल्या लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ने ती प्रतिमा देशभर नेली. एक चुकीचे चित्र पुसायला एवढा काळ लागला. पडद्यावर नव्याने चूक झाली तर ती किती वर्षे राहील, ही भीती म्हणूनच पोकळ नाही.

‘छावा’मध्ये प्रेक्षकांनी किती बारकाईने पाहिले याचेही उदाहरण सापडते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलरमधील संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. मात्र त्या चित्रपटाचा सर्वांत बोलका परिणाम मध्य प्रदेशात दिसला. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडच्या शेतांत रात्री शेकडो माणसे बॅटऱ्या घेऊन सोन्याची नाणी शोधत जमीन उकरत होती. मोगलांचा खजिना तिथे पुरलेला आहे, ही समजूत चित्रपटानंतर पसरली होती. त्याच महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली आणि या चित्रपटाने लोकांच्या भावना पेटवल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. पडद्यावरचे माणूस खरे मानतो आणि त्यावर कृतीही करतो.

‘छावा’ मध्य प्रदेशात करमुक्त झाला तो १९ फेब्रुवारी २०२५ रोजी, शिवजयंतीच्या दिवशी. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी ही घोषणा जबलपूरमधील कार्यक्रमात केली. जबलपूरच्या मराठी माणसाला ते आपलेच वाटले असणार. मराठी कुटुंबे इथे मराठा राजवटीपासून आणि नंतर रेल्वे, कचेऱ्या, १९०४ मध्ये सुरू झालेला गन कॅरेज कारखाना अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने स्थिरावली. शिवकालावरचा चित्रपट त्यांना सहसा हिंदीतून भेटतो.

पण या शहरात इतिहासपटाचा प्रश्न शिवकालापुरता राहत नाही. नेपियर टाउनमध्ये भंवरताल उद्यानापाशी राणी दुर्गावती संग्रहालय आहे. शहरातील विद्यापीठालाही तिचेच नाव आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, राणीच्या पाचशेव्या जयंती वर्षाच्या सुरुवातीला, २१ एकरांवरच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. त्यात राणीचा ५२ फूट उंच कांस्य पुतळा योजला गेला. चित्रपटवाल्यांनाही जबलपूर परके नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये शाहरुख खानच्या ‘अशोका’तील गाणे चित्रित झाले आणि आशुतोष गोवारीकर यांच्या ‘मोहेंजो दारो’चे चित्रीकरणही तिथे झाले. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दोन कथांनी नर्मदेचे कडे पार्श्वभूमी म्हणून वापरले. गढा-मंडल्याच्या या राणीची स्वतःची कथा मात्र त्या मापाने अजून पडद्यावर आलेली नाही. जबलपूरमध्ये राणीवरच्या मोठ्या चित्रपटाची आशा आणि शंका यांचे मूळ इथे आहे.

तिची कथा साधनांनी भरलेली आहे. कालिंजरच्या चंदेल घराण्यात १५२४ मध्ये जन्म, गोंड राजा संग्रामशाह याचा मुलगा दलपतशाह याच्याशी १५४२ मध्ये विवाह. पती १५५० मध्ये वारल्यावर लहानग्या मुलाच्या, वीरनारायणाच्या नावाने तिने राज्य चालवले आणि माळव्याच्या बाजबहादुराला परतवून लावले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. अबुल फजलने ‘अकबरनामा’त या लढाईचे वर्णन केले आहे. शत्रूच्या दरबारचा हा लेखक राणीच्या कर्तबगारीचा, नेमबाजीचा आणि शिकारीच्या छंदाचा मोकळ्या मनाने उल्लेख करतो. पहिल्या दिवशी नर्रई नाल्यापाशी मोगलांना मागे हटावे लागले. रात्रीच छापा घालावा, असा आग्रह राणीने धरला. सरदारांनी तो मानला नाही. सकाळपर्यंत आसफखानाच्या तोफा येऊन पोचल्या. वीरनारायण जखमी झाला, राणीला कानशिलावर आणि मानेला बाण लागले. हत्तीवरच्या आधार नावाच्या सेवकाला तिने आपल्याला मारायला सांगितले, तो धजला नाही, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. तारीख २४ जून १५६४.

एवढे नाट्य असलेल्या कथेला जोड लागत नाही. त्या नाकारलेल्या रात्रीच्या छाप्यावरच पटकथेचा अर्धा भार उभा राहू शकतो. लोकांनी तिला आणखीही पुष्कळ दिले आहे. तिच्या सरमन हत्तीच्या कथा सांगितल्या जातात. जबलपूरचे रानीताल राणीचे, चेरीताल तिच्या दासीचे आणि आधारताल तिच्या मंत्र्याचे, असे शहर मानते. या दंतकथा पडद्यावर याव्यात, नव्हे आल्याच पाहिजेत. तानाजीच्या घोरपडीची गोष्टही खरी की खोटी यावर चांगला प्रेक्षक अडत नाही, कारण ती तुलसीदास शाहिराच्या पोवाड्यातून आलेली आहे. परंपरेने जपलेली कल्पना आणि निर्मात्याने विक्रीसाठी घातलेली कल्पना यांतला फरक प्रेक्षकाला कळतो. स्कॉटलंडमध्ये ‘ब्रेव्हहार्ट’च्या बाबतीत हेच झाले. १९९५ च्या त्या चित्रपटात स्टर्लिंग ब्रिजची लढाई पुलाशिवाय दाखवली गेली, आणि ती लढाई स्कॉट लोकांनी जिंकली होती ती पुलाच्या अरुंदपणामुळेच. नर्रईच्या लढाईतून अरुंद वाट, नाला आणि नर्मदेचा परिसर वजा केला, तर थोड्या सैन्यानिशी राणीने पहिला दिवस कसा जिंकला हे कोणाला कळणार नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. दुर्गावती चंदेल घरातली मुलगी आणि गोंड घराण्याची सून. चित्रपटाने तिला केवळ राजपूत वीरांगना केले, तर गोंडांचे राज्य त्यांच्याच कथेतून पुसले जाईल. कथेला दोन धर्मांची लढाई केले, तर राणीच्या बाजूने लढणाऱ्या शम्सखान मियानासारख्या सरदारांना जागा उरणार नाही. ‘पद्मावत’चा अनुभव मध्य प्रदेशाला ताजा आहे. मलिक मुहम्मद जायसीने १५४० मध्ये लिहायला घेतलेल्या काव्यातील राणीवरचा तो चित्रपट. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्यावर बंदी जाहीर केली, नाव बदलावे लागले, सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनाचा मार्ग मोकळा केल्यावर तो २५ जानेवारी २०१८ रोजी लागला. काव्यातल्या राणीसाठी एवढे वादळ उठले, तर समकालीन ग्रंथात नोंद असलेल्या राणीवर चित्रपट करणाऱ्याने साधने हाताशी ठेवूनच बसायला हवे. रामनगरचा १६६७ चा संस्कृत शिलालेख गोंड राजांची वंशावळ देतो. गोंड गायकांची मौखिक परंपरा आहे. निर्मात्याला यांतले काहीच दुर्मीळ नाही.

तांत्रिक अडचणही खरी आहे. अबुल फजल राणीकडे हजार हत्ती असल्याचे सांगतो. प्राण्यांकडून पडद्यावर काम करून घेण्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, अटी कडक आहेत आणि लढाईत हत्ती-घोडे पाडणे आता शक्य नाही. ते बरेच झाले. भालजींच्या काळात खरे घोडे धावत होते. आज हत्तींची फौज संगणकावरच उभी करावी लागते आणि त्यासाठी पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. दोन्हींपैकी एक कमी पडला की काय होते हे ‘आदिपुरुष’ने दाखवले. संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरणाच्या परवानग्या कठीण असल्याने बहुतेक गड कर्जतसारख्या ठिकाणच्या सेटवर किंवा हिरव्या पडद्यासमोर उभे राहतात. जबलपूरच्या मदनमहालाचा छोटासा, एका प्रचंड शिळेवर टेकलेला महाल पाहिलेल्या माणसाला सेटवरचा भव्य संगमरवरी प्रासाद लगेच खटकेल. गोंडांची सत्ता जंगल, तलाव आणि डोंगरी किल्ले यांवर उभी होती. तिचे वैभव झुंबरात नव्हते.

मराठी प्रेक्षकासाठी या कथेला आणखी एक बाजू आहे. गढा-मंडल्याची कथा १५६४ च्या पुढे नेली, तर तिच्यात मराठे येतात, आणि ते रक्षक म्हणून येत नाहीत. १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून गेला, राजा महाराजशाह मारला गेला आणि चौथाई बसली. १७८१ मध्ये शेवटच्या राजाला दूर करून राज्य सागरच्या मराठा कारभाराला जोडले गेले; १७९८ मध्ये पेशव्यांनी ते नागपूरकर भोसल्यांना दिले. १८१७ मध्ये इंग्रज येईपर्यंत जबलपूरवर भोसल्यांचीच सत्ता होती. ‘पानिपत’मधील सूरजमलच्या चित्रणावर डिसेंबर २०१९ मध्ये जाट समाजाने राजस्थानात आक्षेप घेतला, तेव्हा निर्मात्यांना चित्रपटाला कात्री लावावी लागली. महाराजशाहवर कोणी चित्रपट काढला, तर तोच आक्षेप मराठी प्रेक्षकाच्या तोंडी येईल आणि उत्तर मंडल्याच्या गोंडांना द्यावे लागेल.