सहा चोक चोवीस

जानेवारीअखेर आमच्या टपालपेटीत शाळेच्या लेव्हीची मतपत्रिका पडते. लेव्ही म्हणजे शाळांसाठी लावायचा स्थानिक मालमत्ता कर. तो मतदारांनी मंजूर करायचा, नाहीतर नाही. साधारण त्याच सुमारास कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं, आणि तिथे तिळगुळाच्या जोडीनं एक वाक्य हमखास वाटलं जातं: "निकष कडक करायला पैसे कशाला लागतात? पोरांनी जास्त अभ्यास करायचा, झालं!" पुण्याहून मामा फोनवर हेच म्हणतो. शेजारचे गोरे आजोबाही कुंपणापलीकडून हेच म्हणतात, फक्त इंग्रजीत. बारा वर्षं ऐकतेय. आता लिहूनच टाकते.

मी राहते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलजवळ. इथे बारावीला बोर्ड नाही. चार वर्षांत ठरावीक 'क्रेडिट' जमवायची. एक विषय वर्षभर शिकून त्यात पास झालं की एक क्रेडिट. पूर्वी राज्याची किमान अट १९ क्रेडिटची होती, मग २० झाली. २०१४ च्या कायद्यानं ती २४ वर नेली: इंग्रजीची ४, गणिताची ३, विज्ञानाची ३ (त्यातली २ प्रयोगशाळेसह), समाजशास्त्राची ३, परकी भाषेची २, कलेची २, आरोग्य आणि व्यायामाची २, व्यवसायशिक्षणाचं १ आणि ऐच्छिक ४.

आता पाढा म्हणा. बऱ्याच हायस्कुलांत दिवसाला सहा तास. वर्षाला सहा क्रेडिट, चार वर्षं. सहा चोक चोवीस. म्हणजे मुलाला एकूण संधी २४ आणि लागणारी क्रेडिटही २४. नववीत बीजगणितात एकदा गचकलात की हिशेब तिथेच मोडला. अट २० ची होती तेव्हा वेळापत्रकात चार चुकांना जागा होती, आता एकीलाही नाही. मग तो विषय पुन्हा कधी घ्यायचा? उन्हाळ्यात. उन्हाळी वर्गाला शिक्षक कोण देणार, इमारत कोण उघडणार, बस कोण सोडणार? नाहीतर शाळेनं सहाऐवजी सात तासांचं वेळापत्रक करायचं. ते करता येतं, काही शालेय जिल्ह्यांनी (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) केलंही. पण राज्याचं अनुदान डोकी मोजून येतं. मूल सहा तास बसो की सात, ते एकच डोकं. सातव्या तासाचा शिक्षक मात्र पगार मागतो. फार व्यवहारी माणसं असतात ही.

हे झालं नापासांचं. जे पास होतात त्यांचंही गणित घाला. विज्ञानाचं तिसरं क्रेडिट म्हणजे जास्त प्रयोगशाळा. अठ्ठावीस मुलांच्या हातात एकाच वेळी बर्नर देऊन एकट्या शिक्षकानं उभं राहायचं, ही कल्पना ज्यांना सोपी वाटते त्यांनी एकदा राहून पाहावं. परकी भाषेची दोन क्रेडिट आली, तर स्पॅनिशचे शिक्षक वाढले पाहिजेत. आणि प्रत्येक मुलाचा चार वर्षांचा आराखडा कुणीतरी समोर बसून तपासायला हवा, नाहीतर बारावीच्या एप्रिलमध्ये कळतं की पोराचं कलेचं अर्धं क्रेडिट राहिलंय.

हे सगळं मी रचून सांगत नाही. खुद्द विधिमंडळालाच ते मान्य करावं लागलं. त्याच २०१४ च्या कायद्यात पैशाची तरतूद आहे, आणि तीही नेमकी याच कामांसाठी. आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात शाळेचे एकूण तास वाढवायला ९ कोटी ७० लाख डॉलर ठेवले होते. नुसते तास वाढवून काय करू, असा शाळांचा प्रश्न होता. मग ती रक्कम तीन ठिकाणी वळवली: मुलांचे आराखडे तपासणारे समुपदेशक, प्रयोगशाळेच्या तुकड्या आणि साहित्यखर्च. राज्य अनुदान काढताना ६०० मुलांचं एक नमुना हायस्कूल धरतं. त्या नमुन्यात समुपदेशक २.००९ होते, ते २.५३९ केले. म्हणजे एका समुपदेशकामागे सुमारे ३०० मुलं होती, ती २३६ वर आली. एरवी वर्गात २८.७४ मुलं धरतात, प्रयोगशाळेसाठी १९.९८ धरली. (पाऊण मूल कुठल्या बाकावर बसतं ते मला विचारू नका.)

शिवाय तेव्हा हे आकडे फक्त वाटपासाठी होते. तितकेच समुपदेशक नेमा अशी सक्ती जिल्ह्यावर नव्हती. राज्यानं अडीच समुपदेशकांचे पैसे दिले आणि जिल्ह्यानं त्यातला काही भाग दुसऱ्या खड्ड्यात घातला, तर ते नियमात बसायचं. आपल्याकडे ज्यांनी अनुदानित शाळा चालवल्या आहेत त्यांना हे नव्यानं सांगायला नको. वेतन अनुदान आणि वेतनेतर अनुदान यांच्यामधल्या फटीत खडूपासून वीजबिलापर्यंत काय काय पडतं, ते मुख्याध्यापकांना विचारा.

"पण कायदा केला तेव्हा सरकारनं पैशाचा विचार केलाच असेल ना?" हा मामाचा पुढचा प्रश्न. असं वाटणं साहजिक आहे, आणि इथेच गोष्ट कोर्टात जाते.

२४ क्रेडिटची संधी हा 'मूलभूत शिक्षणा'चा, म्हणजे ज्याचा खर्च राज्यानं उचलायचाच अशा शिक्षणाचा, भाग आहे, असं विधिमंडळानं २००९ मध्येच कायद्यात लिहून ठेवलं होतं. (त्याच वर्षी आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा झाला.) लिहिलं खरं, पण पैसे पुढे कधीतरी. मधली तूट जिल्हे लेव्हीतून भरत राहिले. श्रीमंत गावाला ते जमतं, गरीब गावाला जमत नाही. चिमाकम नावाच्या छोट्या गावातल्या मॅक्लिअरी कुटुंबानं आणि इतरांनी २००७ सालीच राज्यावर खटला भरला होता. जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: राज्य आपलं घटनात्मक कर्तव्य पाळत नाही, २०१८ पर्यंत पाळा. विधिमंडळानं चालढकल केली. २०१४ मध्ये न्यायालयानं राज्याला अवमानाचं दोषी ठरवलं आणि ऑगस्ट २०१५ पासून दंड लावला. रोज १ लाख डॉलर. रविवारीसुद्धा. प्रकरण जून २०१८ मध्ये बंद झालं, तोवर दंडापोटी १० कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले होते.

तेव्हा कुणी "निकषाला पैसा लागत नाही" असं म्हणालं की मी विचारते, मग हे राज्य जवळजवळ तीन वर्षं रोज कशाचा दंड मोजत होतं?

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ती म्हणतात, पैसा आला ना, मग दर्जाही आला. तेही नाही. २०१७ च्या कायद्यानं राज्याचा मालमत्ता कर वाढवला आणि स्थानिक लेव्हीवर मर्यादा घातली. पुढच्या वर्षी आमच्या भागातली बिलं चांगलीच फुगली, हळदीकुंकवात तेवढा एकच विषय होता. त्या पैशाचा मोठा वाटा शिक्षकांच्या पगारवाढीत गेला. माझ्या मते तो जायलाच हवा होता. पण काही वर्षांतच अनेक जिल्ह्यांची अंदाजपत्रकं पुन्हा तुटीत गेली. २४ क्रेडिटची अट २०१९ च्या तुकडीपासून लागू व्हायची होती. तयारी नाही म्हणून कित्येक जिल्ह्यांनी कायद्यानं दिलेली दोन वर्षांची सवलत मागून घेतली. पैसा मिळाल्यावर शाळा सुधारेलच असं नाही. पण पैसा न देता अट घातली तर ती आपटते, एवढं खात्रीनं सांगता येतं.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत, कारण ते तेवढ्याच लायकीचे आहेत.

"शाळांचा पैसा केंद्र सरकार देतं." देशभरात त्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी राज्य आणि स्थानिक कर. आणि मामा, हे वॉशिंग्टन म्हणजे व्हाइट हाउसवालं वॉशिंग्टन नव्हे, देशाच्या दुसऱ्या टोकाचं.

"लॉटरीच्या पैशावर शाळा चालतात." राज्याच्या शिक्षणखर्चापुढे लॉटरीचं उत्पन्न म्हणजे आमटीतली चिंच, आणि तीही आता मुख्यतः कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांकडे जाते.

"लेव्ही नामंजूर झाली तर फक्त इमारतीला रंग द्यायचा राहतो." इमारतीसाठी कर्जरोखे असतात, त्यांना ६० टक्के मतं लागतात. लेव्हीला साधं बहुमत पुरतं, आणि ती पडली तर माणसं कमी होतात.

"शिक्षण हे राज्याचं कर्तव्य वगैरे नुसतं बोलायला." इथल्या १८८९ च्या घटनेत ते राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हटलंय, आणि वंश, रंग, जात किंवा लिंग यावरून भेद न करता. होय, 'जात' हा शब्दही तिथे आहे. मी दोनदा वाचून खात्री केली.

या वर्षी मामानं नवीन काढलं. "त्यापेक्षा आपल्या बोर्डासारखी एकच परीक्षा ठेवायची. फुकटात दर्जा." ठेवून पाहिली, मामा. राज्याच्या परीक्षा पास झाल्याशिवाय पदविका नाही, अशी अट इथे बरीच वर्षं होती. २०१९ मध्ये ती सैल केली. आता परीक्षा हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग आहे. आणि ती फुकटही नव्हती. जी मुलं परीक्षेत अडकायची त्यांना आपल्या कामाची फाइल सादर करायची मुभा होती. ती फाइल प्रशिक्षित शिक्षकांना बसवून तपासून घ्यावी लागायची आणि प्रत्येक फाइलमागे राज्याला वेगळे पैसे मोजावे लागायचे.