चूल की धुराडं?

हिवाळ्यात दक्षिण आशियावर साचणाऱ्या तपकिरी धुरक्याची शास्त्रज्ञांनी पहिली मोठी झडती घेतली ती 1999 साली. 'इंडोएक्स' मोहिमेत विमानं, जहाजं आणि मालदीवमधल्या काशिधू बेटावरची वेधशाळा कामाला लागली. मोठ्या शहरांपासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या बेटावरही हवेतल्या बारीक कणांत सल्फेट आणि सेंद्रिय कार्बनसोबत भरपूर काजळी सापडली. 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला आणि वाद पेटला. हवामानशास्त्रज्ञ श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्यावर आक्षेप घेतले. ते व्हायलाच हवं होतं.

खरं कोडं वेगळंच होतं. ही काजळी कुणाची? सरपण किती जळतं याचा हिशेब मांडणारे 50 ते 90 टक्के वाटा चुलीच्या पदरात टाकत. कणांतली मूलद्रव्यं तपासणारे मात्र डिझेल-कोळशाकडे बोट दाखवत.

या भांडणाचा निकाल लावण्यात आपल्या सिंहगडाचा वाटा आहे. स्टॉकहोमचे गुस्ताफसन यांचा गट आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे (आयआयटीएम) शास्त्रज्ञ यांनी गडावर आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर, ईशान्येचे वारे वाहत असताना, हवा गाळून कण गोळा केले. प्रयोगशाळेत त्यांतल्या कार्बनचं वय पाहिलं. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन-14 घेतं, म्हणून लाकूड, गोवरी, पाचट यांच्या धुरात तो असतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं. त्यांच्यातला तो कधीच संपलेला. भेसळ ओळखायला याहून सरळ कसोटी नाही.

जानेवारी 2009 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आला. एकूण कार्बनी कणांपैकी दोन तृतीयांश जैविक इंधनाचे. काजळीचं मोजमाप दोन पद्धतींनी केलं. एकीने निम्मी आणि दुसरीने दोन तृतीयांश काजळी जैविक ठरली. गडावर पिठलं-भाकरीच्या चुली आहेतच, असं कुणी म्हणेल. पण हनिमाधूला त्या नाहीत.

मात्र कार्बन-14ला चुलीतलं लाकूड आणि फडात पेटवलेलं पाचट यांतला फरक कळत नाही. सगळा दोष घरातल्या बाईच्या चुलीवर टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हा फरक कळायला जागोजागी, बारा महिने नमुने हवेत. 2017 साली आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'कोलेस' प्रकल्पाने ते काम हाती घेतलं. महाबळेश्वर त्याचं एक केंद्र आहे.

चुलीवरचा उपाय म्हणून 2016 पासून 'उज्ज्वला' योजनेने खेडोपाडी गॅसची जोडणी पोचवली, पण दुसरं सिलिंडर परवडेना म्हणून कितीतरी घरांत चूल पुन्हा पेटते. आणि 2019चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आखला गेला तो शहरांसाठी.