महासाथीच्या काळातील साहाय्य आणि मंडळीची सेवा

महासाथ ही केवळ वैद्यकशास्त्राची समस्या नव्हे. रोगामागून उपासमार, बेकारी, एकाकीपणा व अफवा येतात आणि ज्यांना रोगाची बाधाही झालेली नसते अशा घरांनाही त्या ग्रासतात. अशा वेळी पाळक व धर्मशिक्षक यांच्यापुढे येणारा पहिला प्रश्न बहुधा तात्त्विक नसतो. देवाने हे का होऊ दिले, हे लोक मागाहून विचारतात. आज चूल कशी पेटवावी आणि रुग्णाला कोठे न्यावे, हे आधी विचारतात. प्रस्तुत लेखात या आधीच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमच्या मते तोही ईश्वरविज्ञानाचाच प्रश्न होय.

शास्त्राचा व इतिहासाचा दाखला

प्रेषितांच्या कृत्यांच्या ११ व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीची हकिकत आहे. दुष्काळाचे भाकीत कळताच त्या मंडळीने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी ठरविली, ती यहूदीयातील बांधवांकरिता नेमून ठेवली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती तेथील वडिलांकडे पाठविली. किती द्यावे, कोणाला द्यावे आणि कोणाच्या हातून द्यावे, हे तिन्ही तेथे स्पष्ट आहे. त्याच पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात ग्रीकभाषी विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा झाल्याची तक्रार आहे. तेथे उणीव वाटपाच्या व्यवस्थेत होती. म्हणून सात जणांची नेमणूक झाली. साहाय्य उपलब्ध असणे आणि ते गरजवंतापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मंडळीला इतक्या आरंभीच उमगले होते.

इ. स. १५२७ मध्ये विटेनबर्ग येथे मरीची साथ आली असता मार्टिन लूथर यांनी याच विषयावर एक दीर्घ पत्र लिहिले. ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे, अशा पाळकांनी व अधिकाऱ्यांनी आपली जागा सोडू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परंतु औषधे घेणे, घर शुद्ध राखणे आणि गरज नसेल तेथे न जाणे हेही त्यांनी कर्तव्यच मानले. आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्यास रोग लागला, तर तो दोष आपलाच, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० साली उपासनामंदिरे बंद ठेवण्यावरून ज्यांच्या मनात संभ्रम उत्पन्न झाला, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या प्रांतातील उदाहरणही दूरचे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या व तेथून निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा त्यांनी केडगाव येथील शेतावर त्यांची व्यवस्था केली; मुक्ती सदनाची वाढ तेथून झाली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

राजेगावच्या सीमेवर

त्या काळच्या मध्य प्रांतातच बालाघाट जिल्हा होता. आज तो मध्य प्रदेशात असून गोंदिया जिल्ह्यास लागून आहे, आणि गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या मार्गावर राजेगाव ही राज्याची सीमा आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शहरांतील कामे थांबली, मजुरी थांबली आणि परप्रांतांत गेलेले मजूर पायी घराकडे निघाले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. त्याच महिन्यात बालाघाट जिल्ह्यातील एक मजूर हैदराबादहून शेकडो किलोमीटर चालत राजेगावच्या सीमेवर पोहोचला. लाकूड व चाके जोडून त्याने स्वतः एक गाडा केला होता, आणि त्यावर गरोदर पत्नी व लहान मुलगी यांना बसवून तो ओढीत आणला होता. सीमेवरील पोलिसांनी त्यांना खावयास दिले, मुलीला चपला दिल्या, तपासणी करविली व पुढे गावी जाण्यास वाहन मिळवून दिले.

या साहाय्यात असाधारण असे काहीच नाही. अन्न, पादत्राण, तपासणी व वाहन एवढेच ते आहे. परंतु त्या कुटुंबाला ते वाटेत कितीतरी आधी मिळावयास हवे होते. ते का मिळाले नाही, हे पाहिले पाहिजे. मजुराची शिधापत्रिका गावी, आणि तो परराज्यात; तेथे त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. पुढे 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत दरमहा दरडोई ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले, तरी ज्याच्याजवळ कागद नव्हता तो पुष्कळदा वंचितच राहिला. ६ व्या अध्यायातील विधवांची स्थिती हीच होती.

मंडळीने काय करावे

पहिली गोष्ट नोंदीची. मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्मा व विवाह यांबरोबर कोण परगावी कामास गेले, कोणत्या घरी एकटे वृद्ध, गरोदर स्त्री वा नित्य औषधे घेणारा रुग्ण आहे, हेही असावे. ही माहिती साथ येण्यापूर्वीच गोळा करावी व ती गुप्त राखावी.

दुसरी गोष्ट माहितीची. शासकीय साहाय्य कोठे व कोणत्या कागदावर मिळते, हे धर्मशिक्षकास ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निर्णयानंतर कोविडने मृत झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले. परंतु मृत्यूच्या दाखल्यावरील कारणाअभावी अनेक घरे अडली. अशा विधवेबरोबर कचेरीत जाणे, अर्ज लिहून देणे, हीही पाळकीय भेटच होय.

तिसरी गोष्ट हिशेबाची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल वर्गणी एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेले सोबती घेतो, जेणेकरून कोणासही दोष ठेवता येऊ नये. जमा व खर्च दोघांच्या सहीने लिहावा व मंडळीपुढे वाचून दाखवावा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. साहाय्य कोणाला द्यावे? शोमरोन्याच्या दृष्टान्तात जखमी मनुष्याचा धर्म विचारलेला नाही. म्हणून शिध्याची पिशवी देताना उपासनेस येण्याची अट घालू नये, तसे सूचितही करू नये. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता व २०२१ साली नवा कायदा आला. आमिषाने धर्मांतर करणे त्यान्वये गुन्हा आहे. तथापि आमचे कारण केवळ कायद्याचे नाही. भुकेल्याची अगतिकता हे सुवार्तेचे साधन होऊ लागले, तर ती सुवार्ता राहत नाही. कोणी आपल्या आशेचे कारण विचारले, तर सौम्यतेने उत्तर द्यावे; मात्र त्या उत्तरावर त्याचे धान्य अवलंबून नसावे. गावातील आशा कार्यकर्ती, ग्रामपंचायत व इतर धर्मांचे सेवाभावी लोक यांच्या समवेत काम केल्यास हा हेतू सर्वांना स्पष्ट दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर पुष्कळ मंडळ्यांतील साहाय्य समित्याही विसर्जित झाल्या. त्या पुन्हा नेमण्यासाठी दुसऱ्या साथीची वाट पाहू नये, अशी आमची विनंती आहे. सात जणांची निवड, एक वही व प्रतिमासी एक बैठक, एवढ्यावर लहानात लहान मंडळीलाही हा आरंभ करता येईल.